हेलिकॉप्टर, दोर आणि विजेची तार: जमिनीवर काम करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

हेलिकॉप्टरखाली दोर सोडून सामान उचलायचं काम आपल्या बेळगाव भागात रोजचं नाही, पण आता अगदी नवलाईचंही राहिलेलं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये बंडीपूरच्या वणव्यावर हवाई दलाच्या एमआय-17 हेलिकॉप्टरांनी बादलीनं पाणी ओतलं. मार्च 2023 मध्ये तेच चोर्ला घाटाच्या पलीकडं, म्हादई अभयारण्यात झालं. एमआय-17 च्या त्या बादलीत साडेतीन हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेतीन टन ओझं दोराला लोंबकळत डोंगरावरून येतं. काश्मीरकडच्या पीर पंजालच्या डोंगरात विजेचे मनोरे उभारायला हेलिक्रेन, म्हणजे जड सामान उचलणारं हेलिकॉप्टर, वापरली गेली. जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलात जिथं ट्रॅक्टरही जात नाही, तिथं असं काम निघालं तर पायलट बाहेरचा येईल, पण खाली हुक लावायला, झेंडा धरायला आणि बघ्यांना हटवायला इथलीच पोरं लागणार. हा लेख त्यांच्यासाठी, त्यांना कामाला लावणाऱ्या ठेकेदारांसाठी आणि ज्यांच्या शेतात हे सगळं उतरणार त्या शेतकऱ्यांसाठी आहे. उडवायचं कसं ते पायलटला माहीत असतं. तार कुठं आहे ते मात्र त्याला माहीत नसतं, आणि ते सांगायचं काम आपलं.

आधी हिशेब: उंची कुणाची मोजायची?

बघणारा हेलिकॉप्टरची उंची बघतो. मोजायची असते ती ओझ्याच्या तळाची. समजा हेलिकॉप्टर जमिनीपासून 300 फुटांवर आहे. खाली 150 फुटी दोर, त्याला 10 फूट उंचीचं सामान. म्हणजे सामानाचा तळ जमिनीपासून 140 फुटांवर आला. वाटेत 130 फुटी मनोरा असेल तर हातात उरले फक्त 10 फूट. खालची जमीन तेवढीच चढली की तेही गेले. पायलटसमोरचा उंचीमापक अनेकदा उड्डाणाच्या जागेपासून किंवा समुद्रसपाटीपासून मोजत असतो. खानापूरच्या पश्चिमेला एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर जाताना जमीन किती वरखाली होते ते तिथं चाललेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे दोर सरळ खाली लोंबत नाही. हेलिकॉप्टर पुढं निघालं की ओझं मागं राहतं. 150 फुटी दोर 20 अंशांनी मागं झुकला तर ओझं हेलिकॉप्टरच्या 50 फूट मागून येतं. हेलिकॉप्टरनं तार ओलांडली, सगळे निश्चिंत झाले, आणि ओझं अजून तारेच्या अलीकडंच असतं. अशा वेळी पायलट खाली उतरायला लागला की घात. म्हणून खालच्या सिग्नलमननं हेलिकॉप्टरकडं बघून नाही, तर ओझ्याकडं बघून ‘पार झालं’ म्हणायचं.

तिसरी गोष्ट पायलटच्या नजरेची. लांब दोराच्या कामात ओझं नेमक्या जागी टेकवायला तो दारातून किंवा फुगीर काचेतून वाकून खाली बघत असतो. त्या मिनिटात त्याची नजर समोर नसते, बाजूला नसते. शेपटीमागं काय आहे ते तर त्याला कधीच दिसत नाही.

तार वरून दिसत नाही हे मनावर घ्या

जमिनीवरून तार आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसते, काळी, ठळक. वरून तीच तार उसाच्या, झाडाच्या, मातीच्या रंगावर पडते. जुनं ॲल्युमिनियम राखाडी झालेलं असतं, ते त्या रंगात विरून जातं. एवढ्या बारीक वस्तूचं अंतर डोळ्याला ठरवताही येत नाही. सकाळी दिसलेली तार दुपारी ऊन फिरलं की गायब होते. मोठ्या मनोऱ्यांच्या लाइनवर तर आणखी एक सापळा असतो. खालच्या जाड तारा एखाद वेळेस दिसतात, पण सगळ्यात वर, मनोऱ्याच्या टोकावरून टोकावर गेलेली पोलादी अर्थवायर त्याहून बारीक असते. खालच्या तारा चुकवायला पायलट वर घेतो आणि नेमका तिलाच लागतो.

म्हणून अनुभवी पायलट तार शोधत नाहीत, खांब शोधतात. लाइन ओलांडायची वेळ आली तर मनोऱ्याच्या डोक्यावरूनच ओलांडायची, कारण तिथं वस्तू दिसते आणि तिच्याहून उंच काही नसतं. दोन मनोऱ्यांच्या मधून जाणं म्हणजे अंदाजावर जीव टाकणं.

काही लाइनींवर नारिंगी-पांढरे गोळे असतात. आंतरराष्ट्रीय नियमात त्या गोळ्याचा व्यास किमान 60 सेंटिमीटर धरलेला आहे आणि तेवढ्या आकाराच्या दोन गोळ्यांत जास्तीत जास्त 30 मीटर अंतर. पण प्रत्येक लाइनीवर ते बसवलेले नसतात. गोळा दिसला नाही म्हणून तार नाही, असं धरून चालू नका. काही हेलिकॉप्टरांच्या कपाळावर आणि पोटाखाली तार कापायचे पाते असतात. कॅनडातल्या ब्रिस्टल एरोस्पेसनं ते 1970 च्या दशकात बनवलं. साधारण 10 मिलिमीटर जाडीची पोलादी दोरी ते कापू शकतं, पण हेलिकॉप्टर पुढच्या वेगात असेल आणि तार समोरून त्या पट्ट्यात आली तरच. एका जागी तरंगत सामान टेकवताना त्याचा उपयोग नाही, आणि खाली लोंबणाऱ्या दोराला तर काहीच नाही.

पहिलं काम: पायी फिरा

नकाशा, गूगलचं चित्र, ड्रोनचा व्हिडिओ हे सगळं घ्या, पण पायी फिरल्याशिवाय काम धरू नका. माझ्या मते या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही हाच.

कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीच्या, म्हणजे केपीटीसीएलच्या 110, 220, 400 केव्हीच्या लाइनी नकाशावर असतात, त्यांचे मनोरे दुरून दिसतात. गावोगाव वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमच्या 33 आणि 11 केव्हीच्या लाइनी सेक्शन ऑफिसमधल्या लाइनमनला पाठ असतात. खरी अडचण त्याच्या पुढं. चिक्कोडी, रायबाग, हुक्केरी, गोकाककडं उसाच्या पट्ट्यात नदीकाठच्या मोटारींसाठी 11 केव्हीचे फाटे आणि टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जागोजाग आहेत. ऊस वाढला की खांबाचा निम्मा भाग त्यात बुडतो. टीसीपासून विहिरीपर्यंत बांबूवर, बाभळीच्या फांदीवर टाकलेली मोटारीची वायर तर कुठल्याच कागदावर नसते. केबल टीव्हीची, इंटरनेटची तार, मोबाइल मनोऱ्याच्या ताणाच्या तारा, जंगलाकडेचं सोलर कुंपण, जुन्या बंद लाइनीची दोन खांबांमध्ये उरलेली एखादी तार, सौंदत्तीकडच्या माळावरच्या पवनचक्क्यांच्या आतल्या लाइनी, ओढ्यावरून किंवा दरीवरून ओढलेला लोखंडी दोर, हे सगळं हेलिकॉप्टरच्या दृष्टीनं तारच.

फिरताना गावातला म्हातारा शेतकरी आणि लाइनमन दोघेही बरोबर घ्या. प्रश्न कसा विचारता यावर बरंच ठरतं. ‘इथं तार आहे का?’ म्हटलं की ‘नाही’ येतं. ‘तुमच्या मोटारीला करंट कुठनं येतोय?’ म्हणून विचारा. मग तो हात करून दाखवतो, ‘ते बघा की, ओढ्यापलीकडनं, त्या जांभळावरनं.’ आणि मग त्या जांभळीच्या फांदीत अडकलेली काळी वायर तुम्हाला दिसते, जिच्याखालून तुम्ही आत्ताच दोनदा गेलेला असता.

उचलायची जागा, टेकवायची जागा आणि मधला मार्ग या तिन्हींचा एक हातानं काढलेला नकाशा करा. प्रत्येक तार, तिचा मालक, खांबाची साधारण उंची, दोन्ही टोकं. रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार नियमानं किमान 6.1 मीटर उंच हवी, पण उन्हाळ्यात, भार वाढल्यावर ती झोळते, आणि वाकलेल्या खांबाला नियम माहीत नसतो. म्हणून प्रत्यक्ष बघा. तारेजवळच्या खांबांवर, झाडांवर उंच बांबूला लाल किंवा नारिंगी कापड बांधा, पण तारेला स्वतः हात लावू नका, ते लाइनमनचं काम. कामाच्या सकाळी पुन्हा एक फेरी मारा. रात्रीत कुणी नवी वायर ओढत नाही असं समजू नका.

दुसरं काम: लाइन बंद करून घ्या, कागदावर

कामाच्या जागेपासून दोराच्या दुप्पट लांबीच्या आत चालू लाइन असेल तर ती बंद करूनच काम करायचं, हा माझा हिशेब आहे. कुणी म्हणेल जास्त झालं. ‘सांभाळून करू’ म्हणणाऱ्यांपेक्षा मी तो बरा समजतो. आणि लाइन बंद होत नसेल तर जागा बदला. मालाचा थोडा लांब पल्ला ट्रॅक्टरनं किंवा डोक्यावरून नेणं स्वस्त पडतं.

आपल्या भागात हेस्कॉम, केपीटीसीएलकडून रीतसर ‘लाइन क्लिअर’, म्हणजे लाइन बंद केल्याचा लेखी परवाना, घ्यायची. फोनवर ‘बंद केलंय’ ऐकून काम सुरू करायचं नाही. लाइन क्लिअर ज्याच्या नावावर आहे तोच माणूस काम संपेपर्यंत जागेवर हवा, आणि परतही त्यानंच करायची. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या हद्दीला लागून काम असेल तर तपासा, कारण शेजारचा खांब महावितरणचा असू शकतो. चोर्ल्याकडं गोव्याच्या वीज खात्याचा. अशा वेळी ज्यांच्या ज्यांच्या तारा आहेत त्या प्रत्येकाकडून वेगळी परवानगी लागते. एकाची बंद म्हणजे दुसऱ्याची बंद नव्हे.

लाइन बंद झाल्यावर सबस्टेशनमध्ये स्विच उघडला एवढं पुरत नाही. जागेवरचा जीओएस, म्हणजे खांबावरचा स्विच, उघडून कुलूप घाला, लाइनमनकडून डिस्चार्ज रॉड लावून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करून घ्या. दोन्ही बाजूंना, कारण करंट उलट्या दिशेनंही येतो. गावातला कुणाचा तरी जनरेटर, चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर, दुसऱ्या फीडरची जोडणी, काहीही.

आणि जी लाइन बंद करता येत नाही, म्हणजे लांबून जाणारी मोठी लाइन, तिच्यासाठी सबस्टेशनला एक विनंती नक्की करा: काम चालू असेपर्यंत ऑटो-रीक्लोज बंद ठेवा. मोठ्या लाइनीत फॉल्ट झाला की ब्रेकर उडतो आणि एखाद्या सेकंदात आपोआप पुन्हा चालू होतो. 11 केव्हीला ऑपरेटर हातानं पुन्हा चार्ज करून बघतो, ‘फांदी पडली असंल’ म्हणून. तुमचा दोर तारेत अडकलेला असताना दुसऱ्यांदा चार्ज होणं किती घातक असेल, याचा विचार करा. ऑपरेटरचा थेट नंबर आणि त्याच्याकडं तुमचा नंबर, दोन्ही हवेत.

हवाई बाजूची परवानगी, म्हणजे डीजीसीए या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता, सांबरा विमानतळाच्या हवाई नियंत्रणाशी बोलणं, हे हेलिकॉप्टर कंपनीचं काम. ठेकेदारानं कागद बघायला मागावेत, लाजू नये.

जागा आणि दोर

उतरायची जागा तारेपासून लांब आणि वाऱ्याकडं तोंड करून येता येईल अशी हवी. जमिनीवर मोकळी दिसणारी जागा हेलिकॉप्टरला मोकळी असेलच असं नाही. पंख्याचा वारा वादळासारखा खाली आदळतो. छपराचे पत्रे, ताडपत्री, कडब्याची गंजी, खळ्यातला भुसा, सगळं उडतं. आणि ज्याची फारशी चर्चा होत नाही ते म्हणजे जवळच्या 11 केव्हीच्या तारा त्या वाऱ्यानं झुलून एकमेकींना लागतात, ठिणग्या पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये खाली वाळलेला पाचट असेल तर पुढचं सांगायला नको. आग विझवायचा टँकर जागेवर उभा ठेवा.

दोर नायलॉनसारखा कृत्रिम धाग्याचा असला तरी ‘त्यातनं करंट येत नाही’ यावर विसंबू नका. चिखल, दव, पाऊस लागला की तो वाहक होतो. शिवाय लांब दोराच्या खालच्या हुकला पायलटनं कळ दाबून उघडता यावं म्हणून दोराबरोबर तांब्याची वायर खालपर्यंत आलेली असते. पोलादी दोराबद्दल तर बोलायलाच नको. कामापूर्वी हुक विजेच्या कळीनं आणि हातानं, दोन्ही पद्धतींनी उघडतो का ते पायलटसमोर करून बघा. ओझं सोडता आलं नाही तर तारेत अडकलेलं हेलिकॉप्टर खुंटीला बांधल्यासारखं होऊन बसतं.

ओझं कसं बांधलंय तेही बघा. पसरट, हलकं, वारा धरणारं सामान गिरक्या घेतं, झोके घेतं. 31 ऑगस्ट 2024 ला केदारनाथजवळ एमआय-17 एक नादुरुस्त हेलिकॉप्टर दोराला लटकवून नेत होतं. ते डोलायला लागलं, तोल जाऊ लागला, आणि पायलटनं ते मोकळ्या दरीत सोडून दिलं. कुणाला इजा झाली नाही. मार्ग आखताना ‘वाटेत ओझं सोडावं लागलं तर खाली काय आहे?’ हा प्रश्न प्रत्येक टप्प्याला विचारा. घर, शाळा, रस्ता आणि चालू लाइन यांच्यावरून ओझं न्यायचंच नाही.

कामाच्या दिवशी

सकाळी सगळ्यांना एका जागी बसवा. इथं पायलट हिंदी-इंग्रजी बोलतो, ऑपरेटर कन्नड, पोरं मराठी. गोंधळात कुणी कुठल्या भाषेत ओरडेल सांगता येत नाही, म्हणून दोनच शब्द पक्के करा: ‘स्टॉप’ आणि ‘ड्रॉप’. स्टॉप म्हणजे आहे तिथं थांब. ड्रॉप म्हणजे ओझं सोड. स्टॉप म्हणायचा अधिकार झेंडा धरणाऱ्या सगळ्यात लहान पोरालाही हवा, आणि उगाच म्हटलं तरी त्याला कुणी रागवायचं नाही. रेडिओवर पायलटशी एकच माणूस बोलेल. तारेकडं बघायला वेगळा माणूस, त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही.

उन्हाचा विचार करा. गरम हवा विरळ, तिच्यात पंख्याला उचल कमी मिळते. 25 मे 2017 ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली आलं आणि विजेच्या तारांत अडकून कोसळलं. आतले सगळे वाचले. ते दोराचं काम नव्हतं, पण मे महिन्यात उतरायच्या जागेजवळ तारा असल्या की काय होतं ते त्यातून कळतं. एप्रिल-मेमध्ये जड ओझी सकाळी लवकर उचला, मात्र सूर्य पायलटच्या डोळ्यांवर येणार नाही असा मार्ग धरून. पावसाळ्यात कणकुंबीकडं धुकं उतरलं की काम थांबवायचं. काम उरकायची घाई नको.

हुक खाली आला की लगेच हात लावू नका. पंखा फिरून हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, कोरड्या धुळीत आणखी. झटका जीव घेईल असा सहसा नसतो, पण माणूस मागं पडतो, मचाणावरून पडतो. अर्थ केलेली काठी आधी हुकला टेकवा आणि ओझं अडकवेपर्यंत टेकलेलीच ठेवा, कारण काढली की पुन्हा साठते. रबरी हातमोजे, हनुवटीला पट्टा असलेलं हेल्मेट, गॉगल. उपरणं, सैल टोपी नको. अडकवून झालं की बाजूला व्हा, पायलटच्या नजरेत राहून. ओझ्याखाली कुणी थांबायचं नाही, दोर हातात गुंडाळायचा तर नाहीच.

रिकाम्या परतीत लोक सैल पडतात. ओझं टेकवलं, आता काय, म्हणून. पण दोर अजून खाली आहे, आणि आता तो हलका आहे. वेग वाढला की तो मागं वर उडतो, शेपटीच्या पंख्यापर्यंत जाऊ शकतो. आणि पायलट दोर लावलेला आहे हे विसरून उतरायला आला तर रिकामा दोर तारेला गुंडाळतो. म्हणून प्रत्येक परतीला रेडिओवर म्हणा: ‘दोर लावलेला आहे.’ त्याला माहीत असलं तरी म्हणा.

बघ्यांचं काय? हेलिकॉप्टर आलं की गाव लोटतं, पोरं टीसीच्या कठड्यावर चढतात. ग्रामपंचायतीला, शाळेला आदल्या दिवशी सांगा, पोलीस मागवा, दोरखंडानं हद्द आखा.

लागलंच तर

हेलिकॉप्टर हवेत असून एका तारेला लागलं तर तारेवर बसलेल्या पाखरासारखं असतं. आत लगेच झटका बसतोच असं नाही. पण त्याच क्षणी खाली कुणी ओझ्याला हात लावून उभा असेल तर करंट त्याच्यातून जमिनीत जातो. म्हणून पहिला शब्द ‘ड्रॉप’, आणि सगळ्यांनी ओझं, दोर, हुक सोडून द्यायचं.

सोडल्यावर पळायचं नाही. तार किंवा ओझं जमिनीला लागलं की भोवतालच्या मातीत वीज पसरते, आणि लांब पाऊल टाकलं तर दोन पायांमध्येच फरक पडून झटका बसतो. पाय एकमेकांना चिकटवून, न उचलता, घासत घासत मागं सरका. किमान 10 मीटर दूर जा, मोठ्या लाइनीला त्याहून बरंच जास्त. ऊस भिजवलेला असेल, चिखल असेल तर आणखी.

लाइन पडली तरी ‘ट्रिप झाली’ म्हणून जवळ जाऊ नका. आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन: लाइन बंद ठेवा, चार्ज करू नका. मग 112, रुग्णवाहिकेला 108, थेट नंबर लागला नाही तर हेस्कॉमचा 1912. लाइनमननं अर्थिंग करून सांगेपर्यंत हेलिकॉप्टरला हात लावायचा नाही, पाणी मारायचं नाही. आतल्यांनी आत बसून राहायचं. आग लागली तरच बाहेर, आणि तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, अंगाचा एक भाग हेलिकॉप्टरला आणि दुसरा जमिनीला एकाच वेळी लागता कामा नये. पंखा फिरत असेल तर तो थांबेपर्यंत कुणीही जवळ जायचं नाही.

वीज बंद आहे याची खात्री झाल्यावर माणसाला बाहेर काढा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्या, मिनिटाला 100 ते 120, साधारण पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. झटका बसून उठून बसलेला, ‘काय झालं नाही मला’ म्हणणारा माणूसही हॉस्पिटलला न्यायचाच, कारण हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात.

मग जागा तशीच ठेवा. दोर, तुटलेली तार, हुक, काही उचलू नका, गावातल्यांना उचलू देऊ नका. तांबं-ॲल्युमिनियम भंगारात जायला वेळ लागत नाही. हेलिकॉप्टरची चौकशी विमान अपघात तपास विभाग करतो. विजेच्या अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाला 24 तासांत द्यावी लागते, ती वीज कंपनीनं दिली का ते विचारून घ्या. फोटो काढा, खांबाचा नंबर लिहा, वेळ लिहा, आणि लाइन क्लिअरचा कागद खिशात जपून ठेवा.